ऐकू येण्याचा भाव

नऊ वर्षं कापडाच्या दुकानात काढल्यावर बोलीबाईला एक विद्या आली होती. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून ते किती मोजेल, हे ती सांगायची. दुकान बुडालं आणि ही विद्या आरोग्याच्या पाहणीत कामाला आली. घरोघर जाऊन विचारायचं, अमुक सेवा मिळाली तर किती द्याल? 'हो' म्हटलं की आकडा चढवायचा, 'नाही' म्हटलं की उतरवायचा. तिचं नाव पडलं ते या बोली लावण्यावरूनच.

त्या आठवड्यातली सेवा म्हणजे घरी येऊन कान तपासणं आणि यंत्र बसवणं. तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारे घड्याळजी भेटले.

"पाचशे द्याल?"

"हो."

"हजार?"

"हो, हो."

पाच हजारांवर तक्ता संपला. बोलीबाई खूश! तेवढ्यात घड्याळजींची बायको ओल्या हातांनी बाहेर आली.

"अहो बाई, लिहिताय काय? त्यांना ढिम्म ऐकू येत नाही. कुणी तोंड हलवलं की हो म्हणतात. आमचं लग्नही असंच जमलं असावं, असा मला दाट संशय आहे."

ऑफिसात साहेबांना मात्र आकडा फार आवडला. "राहू दे की. एक तरी उदार माणूस निघाला."

"उदार नाही साहेब, बहिरा निघाला."

दुसऱ्या दिवशी ती परत गेली. मोठ्या अक्षरांत प्रश्न लिहून घड्याळजींपुढे धरला. त्यांनी चष्मा लावून वाचला.

"दमडी देणार नाही. बारा वर्षं सुखात गेलीत माझी."

बायको हसली नाही. "बारा वर्षं मी भिंतीशी बोलतेय," ती म्हणाली. "माझ्या शिवणाच्या पैशातून दोन हजार देते. लिहा."

नियमाप्रमाणे आकडा चढवायला हवा होता. बोलीबाईने चढवला नाही. घड्याळजींचं नाव खोडून तिने बायकोचं लिहिलं.

"कुटुंबप्रमुख कोण?" साहेब भडकले.

"जी पैसे मोजतेय, ती."

वर्षभराने सेवा सुरू झाली, नऊशेला. यंत्र बसायच्या दिवशी बायकोने बोलीबाईला मुद्दाम बोलावलं. यंत्र बसल्यावरही सवयीने बायको नवऱ्याच्या कानाशी ओरडली, "ऐकू येतंय का?"

घड्याळजी दचकले. "अगं, हळू! मी काय बहिरा आहे?"

बायकोला रडूच फुटलं. मग डोळे पुसून तिने तेरा वर्षांचं साठलेलं एकेक बाहेर काढायला घेतलं, आणि बोलीबाई चहा न घेताच उठली.