साडूंची थंडगार गाडी

आमच्या थोरल्या साडूंच्या हाती देवानं चुकून एखादा पाना दिला असता, तर त्यांनी पहिल्याच दिवशी विश्वाचं झाकण उघडलं असतं, आतले ग्रहगोल घमेल्यात काढून रॉकेलनं स्वच्छ धुतले असते, आणि परत बसवताना चारदोन तारे उरले म्हणून ते खिडकीत ठेवून दिले असते. चिखलीला त्यांच्या घराच्या खिडकीत असे उरलेले तारे मी स्वतः पाहिले आहेत. घड्याळातलं एक चाक, शिवणयंत्राची एक कमान, रेडिओतलं काहीतरी, आणि कशातलं ते त्यांनाही न आठवणारं असं बरंच काही. गंमत म्हणजे ज्या वस्तूंमधून हे सारं उरलं होतं त्या वस्तू घरात चालूही होत्या, फक्त आपापल्या मर्जीनं. रेडिओ कपाटाचं दार लावलं की बोलायचा आणि उघडलं की गप्प व्हायचा. बैठकीतला पंखा त्यांनी दुरुस्त केल्यापासून उलटा फिरत असे आणि खाली बसलेल्या पाहुण्याऐवजी छतालाच वारा घालत असे. मी एकदा भीतभीत तसं सुचवलं, तर ते म्हणाले, "साडभाऊ, गर्मी वरूनच येते ना? मंग पयले वरचीच काढा लागते."

तसा माणूस लाखात एक. बी-बियाण्याचं दुकान, आणि त्या दुकानात त्यांच्या शब्दाला आसपासच्या गावांत मान. पण दुकानातून घरी आले, हातपाय धुतले आणि चहा घेतला, की त्यांची नजर घरभर फिरू लागे. त्या नजरेला ताई, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, फार भिई. चांगल्या चालणाऱ्या वस्तूंवर ती पदर टाकून उभी राही. बिघडलेली वस्तू कारागिराकडे नेणं हा साडूंना आपला वैयक्तिक पराभव वाटे. "त्याले दोन हात, मले बी दोनच. आपल्या घरची चीज हाय, घरच्या घरी करून पाह्यतो," असं म्हणत ते अंगणात पोतं अंथरीत. एकदा पोतं अंथरलं गेलं, की घरातल्यांनी त्या वस्तूची आशा सोडायची असते.

अशा माणसानं एके दिवशी एसी असलेली गाडी विकत घेतली. चिखलीत तेव्हा गाड्याच मोजक्या, त्यात एसी म्हटलं की लोक ती काय भानगड असते ते विचारीत. कुण्या मुंबईकराची वापरलेली पांढरी गाडी साडूंनी अकोल्याहून आणली आणि दारात उभी केली, तेव्हा शेजारची म्हातारीकोतारी माणसं खिडकीतून हात घालून आतली थंडी पाहून गेली. साडूंसारख्या काटकसरी माणसाला हे काय सुचलं, असं मला वाटलं होतं. ताईनं मला नंतर कधीतरी सांगितलं. काही वर्षांपूर्वी वैशाखात देऊळघाटला एका लग्नाला जाताना त्यांची जीप रस्त्यात बंद पडली होती. मागून येणाऱ्या वऱ्हाडानं ताईला आपल्या गाडीत बोलावलं, पण साडू म्हणाले, "पाच मिनिटाचं काम हाय." दुपार उतरेपर्यंत ती पाच मिनिटं काही संपली नाहीत. ताई लग्नात पोचली ती ऊन लागून बेशुद्ध होऊनच. त्या आजारातून ती उठली खरी, पण तेव्हापासून उन्हाचा एक पट्टा अंगावर आला तरी तिला भोवळ येई. उन्हाळ्यात तिचं घराबाहेर पडणं बंद झालं आणि तिचं माहेर, वरवट बकाल, फक्त हिवाळ्यातलं गाव होऊन बसलं. साडू त्या लग्नाबद्दल कधी बोलत नसत. त्यांनी फक्त गाडी आणली.

दोन उन्हाळे ताई त्या गाडीतून राणीसारखी माहेरी गेली. तिसऱ्या उन्हाळ्यात एसीतून गरम वारा येऊ लागला, आणि त्याच सुमारास आमच्या सासऱ्यांनी अंथरूण धरलं. माझी बायको आधीच वरवटला जाऊन बसली होती. मी बुलढाण्याला नोकरीत. तिचा फोन कचेरीत आला. "बाबाचं काही खरं नाही. ताईले घेऊन या. रोज तिचंच नाव काढून राह्यले." मी रजा टाकली, चिखलीची बस पकडली आणि साडूंच्या अंगणात पाऊल टाकलं. पाहतो तो पोतं अंथरलेलं.

पोत्यावर गाडीचं तोंड पडलं होतं. दिवे, जाळी, बंपर, सगळं. गाडीच्या त्या बोळक्यापुढे साडू बनियनवर बसले होते आणि त्यांच्या मांडीवर पातळ नळ्यांची आणि पत्र्याच्या पापुद्र्यांची एक चौकोनी चाळण होती. "या साडभाऊ, वक्तावर आले," ते म्हणाले. "हा कंडेन्सर. गॅस याच्यात येते, बाहेरच्या वाऱ्यानं गार होते अन् मंग आतमंदी थंडी देते. जुन्याले गोटा लागून भोक पडलं. हा नवा बसवला का झालं. सांजलोक निघू."

नवा म्हणजे अकोल्याच्या भंगारातून आणलेला, कुठल्याशा ऐसपैस मोटारीचा. विकणाऱ्यानं सांगितलं होतं की हा तुमच्या गाडीचा नव्हे, आणि बसवायचा तर गाडी इथे ठेवून जा. दोन्ही गोष्टी साडूंनी हसण्यावारी नेल्या होत्या. आता तो कंडेन्सर गाडीच्या तोंडापेक्षा चांगला वीतभर लांब निघाला. म्हणून साडूंनी जाळी धरून ठेवणारी लोखंडी पट्टी कापली. मग तो लांबीत बसला, पण जाडीत बसेना, म्हणून रेडिएटर मागे सरकवला. मागे सरकलेला रेडिएटर इंजिनाच्या पंख्याला घासू लागला, म्हणून पंख्याची पाती करवतीनं बोटबोट तासली. प्रत्येक वेळी ते मागे सरून, डोकं तिरपं करून, आपल्या कामाकडे कौतुकानं पाहत आणि मी आणखी एका नव्या संकटाची वाट पाहत उभा राही. त्या दिवशी सांजलोक निघणं झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दुकानातल्या फोनवर वरवटहून निरोप येत होते, ताई दारात येऊन ते सांगत होती, आणि बोनेटच्या आतून एकच उत्तर येत होतं. "होऊनच राह्यलं. थोडं ऱ्हायलं."

"आपण सकाळच्या बसनं जाऊ," मी म्हणून पाहिलं.

बोनेटखालून साडूंचं तोंड बाहेर आलं. कपाळावर काजळी, भुवईवर घाम. "बसनं? या उन्हात? काऊन, तिले मारता का?" त्यांचा आवाज असा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. मी पुन्हा पाना धरला.

गॅस भरण्याआधी नळ्यांतली हवा काढून टाकावी लागते, आणि त्याला पंप लागतो. साडूंनी सायकलचा पंप घेतला, आतला चामड्याचा वायसर उलटा बसवला आणि जाहीर केलं, "आता हा हवा भरणार नाही, वढणार." खरंच ओढू लागला. आळीपाळीनं आम्ही दोघांनी तो दांडा उपसला. मी शाळेत कवायत केली तेवढीच, त्यानंतर अंगाला असे कष्ट कधी दिले नव्हते. गॅसचं नळकांडं फ्रिज दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून आलं. तो माणूस स्वतःही यायला तयार होता, पण साडूंनी फक्त नळकांडं घेतलं. सांध्यांमध्ये लागणारे रबरी वायसर त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कात्रीनं कापले होते. मी विचारलं, "हे चालतील?" तर म्हणाले, "रबर म्हंजे रबर."

दुपार कलताना गाडी सुरू झाली. आणि काय सांगू, आतून गार वारा आला. साडू धावत घरात गेले आणि ताईला हाताला धरून घेऊन आले. ती मागच्या सीटवर बसली, काचा वर झाल्या. बाहेर अंगण तव्यासारखं तापलं होतं आणि काचेच्या आत ताई डोळे मिटून बसली होती. तिच्या कपाळावरच्या बटा हलत होत्या. साडूंनी काच बोटभर खाली केली. "काऊन? कसं वाटते?"

"गार लागते हो," ती म्हणाली. आणि हसली. त्या हसण्यासाठी साडूंनी आणखी तीन गाड्या उघडल्या असत्या.

ते हसू तिच्या तोंडावर असतानाच बोनेटखालून फुस्स असा आवाज आला. साडू पुढे धावले. सांध्यातून तेलकट फेस येत होता. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कडेनं फुगून बाहेर आला होता. त्यांनी तो अंगठ्यानं दाबला, मग फडक्यानं दाबला, मग दोन्ही हातांनी. गॅस निघून गेला. आतला वारा कोमट झाला, मग गरम. ताई आपण होऊन दार उघडून उतरली. घरात जाऊन तिनं पिशवीत दोन लुगडी घातली आणि मला विचारलं, "भाऊ, सकाळची पयली गाडी कितीले हाय?"

साडू बोनेटला टेकून उभे होते. "अजून एक डाव..." ते म्हणाले.

"तुमी करत बसा," ताई म्हणाली. "माह्या बाबाले तेवढा वेळ नाही."

फटफटताना आम्ही निघालो. डोक्यावर ओला टॉवेल, कनवटीला कांदा, खिडकीला माझं धोतर बांधलेलं, अशा थाटात ताईनं खामगाव गाठलं, तिथून शेगाव, आणि शेगावहून जीपनं वरवट. वाटेत दोनदा तिनं माझा हात घट्ट धरला. पण ती पोचली. सासऱ्यांनी तिला ओळखलं. मनगट धरून ठेवलं आणि बऱ्याच वेळानं विचारलं, "जावई कुठी हायेत?"

"येऊन राह्यले," ताई म्हणाली. "गाडी घेऊन."

ती धीर देण्यापुरतं बोलली असं मी धरून चाललो होतो. पण दिवस बुडायच्या सुमारास गल्लीत खडखडाट झाला. तोंड नसलेली पांढरी गाडी दारात येऊन थांबली. बोनेटमधून वाफेचा लोट निघत होता आणि आतून साडू उतरले, ओळखू न येण्याइतके धुळीनं माखलेले. आम्ही निघालो हे कळताच त्यांनी बर्फवाल्याला उठवून बर्फाची अख्खी लादी घेतली होती, ती भुसा घातलेल्या पोत्यात गुंडाळून मागच्या सीटवर ठेवली होती, आणि खामगावला आमची बस गाठून ताईला त्या बर्फाशेजारी बसवायचं असा बेत करून ते मागोमाग निघाले होते. पण तासलेला पंखा इंजिनाला पुरेना. वाटेत जी जी विहीर दिसली तिचं पाणी त्यांनी गाडीला पाजलं होतं. गाडी उकळे, ते थांबत. बर्फ काही थांबला नाही. सीट, पायपुसणी, सगळं पाण्यानं निथळत होतं. पोतं उघडलं तर आत मुठीएवढा खडा उरला होता.

तो खडा तळहातावर घेऊन ते ओसरीत उभे राहिले. ताईकडे पाहायचं त्यांना धाडस होईना. "इतलाच उरला," ते म्हणाले. त्यांच्या बोटांतून पाणी टपटपत होतं.

ताई उठली. तिनं तो खडा घेतला, धुतला, फडक्यात घालून पाट्यावर ठेचला आणि एक चिमटीएवढा तुकडा सासऱ्यांच्या सुकलेल्या ओठांवर धरला. दोन दिवस त्यांच्या घशाखाली पाणी नीट उतरत नव्हतं. बर्फ विरघळला, त्यांनी ओठ मिटले, पुन्हा उघडले. ताईनं आणखी एक तुकडा ठेवला. म्हाताऱ्याच्या तोंडावर आठवड्यात पहिल्यांदाच सुखाची रेघ उमटली.

"गार हाय," ते म्हणाले. मग डोळे किलकिले करून साडूंकडे पाहिलं. "जावई, गाडी चांगली हाय तुमची."

साडू भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

सासरे दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. तेरावं आटोपल्यावर मी आणि माझी बायको साडूंच्याच गाडीतून परत निघालो, कारण बसनं जातो म्हणायची माझी हिंमत झाली नाही. चौघं जण, काचा खाली. पहाटे निघूनही खामगावच्या पुढे गाडी उकळलीच. रस्त्याच्या कडेला एक विरळ बाभूळ होती, तिच्याखाली आम्ही उतरलो. इतक्या दिवसांच्या जागरणानं ताईचा सीटवरच डोळा लागला होता. मी पाणी आणायला गेलो आणि परत आलो तर बोनेट बंदच. पाना हातात नाही. साडू गाडीच्या उघड्या दाराशी उन्हाकडे पाठ करून उभे होते, आणि त्यांची सावली ताईच्या तोंडावर पडली होती.

"साडभाऊ, झाडाखाली बसा ना," मी म्हणालो.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू. आत्ताच झोपली."

इंजिन निवायला बराच वेळ लागला. ऊन हळूहळू दारातून आत सरकत होतं, आणि ते सरकेल तसतसे साडूही अर्धं अर्धं पाऊल सरकत होते.