खंडेनवमीला बंद केलेली पेटी

ते प्रकरण आठवले की आजही माझे डोके तापते. नव्वदचे दशक सरत आले होते. हैदराबादेत जिकडे तिकडे संगणक कंपन्या उघडत होत्या आणि आम्ही पोलीस मात्र अजून कार्बन कागद लावून जबाब लिहीत होतो. शहराच्या मधल्या भागातल्या एका ठाण्यात मी तेव्हा निरीक्षक होतो.

अशाच एका कंपनीचा व्यवस्थापक तक्रार घेऊन आला. त्यांच्याकडे काम करणाऱ्या एका विवाहित बाईंना घाणेरडे, धमकीचे ई-मेल येत होते. बाई भेदरून गेल्या होत्या. व्यवस्थापकाने पुरावाही सोबतच आणला होता: एक छापील कागद. इंटरनेटवरच्या ज्या पत्त्यावरून ते मेल बाहेर पडले, तो पत्ता कंपनीतल्या एका मुलीच्या संगणकाचा आहे, असे तो कागद सांगत होता. कंपनीचे नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाने तो काढून दिला होता.

मुलगी तेवीस-चोवीस वर्षांची, मलकपेठेत राहणारी. मराठवाड्यातून आलेले बौद्ध कुटुंब, वडील रेल्वेत कारकून. कंपनी तिला महिनाभरात परदेशी कामावर पाठवणार होती. तक्रार होताच तिला घरी बसवले. माझी जीप तिच्या गल्लीत उभी राहिली आणि उरलीसुरली अब्रूही गेली.

व्यवस्थापक माझ्यासमोर बसून म्हणाला, "साब, ऐसे लोगां को लेनाच नहीं था." त्याला तिथल्या तिथे झापायला हवे होते. मी तक्रार लिहून घेत राहिलो. माझ्या मनात तशी अढी नव्हती, असे आज छातीठोकपणे म्हणवत नाही.

चार दिवस तिला ठाण्यात बोलावले. सकाळी यायचे, बाकावर बसायचे, सूर्य मावळायच्या आत वडिलांबरोबर घरी जायचे. मी जामबागेतल्या मराठी शाळेत शिकलेला. त्यामुळे चौकशी मराठीतच झाली. तिचे म्हणणे समजले नाही, अशी सबबही मला उरलेली नाही.

"साहेब, आमच्याकडं माणसं शंभर आणि इंटरनेटवर जायचे पत्ते मोजके," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "मध्ये फायरवॉल नावाची पेटी आहे. जो बाहेर जाईल त्याला ती मोकळा पत्ता देते, काम झालं की परत घेते. त्या पत्त्यांच्या साठ्याला पूल म्हणतात. माझ्या मशीनला पक्का पत्ता कधी नव्हताच."

"मग कागदावर कसा आला?"

"कमांड टाइप करून कुणीतरी घातला असणार. पेटीत दोन याद्या असतात. एक सध्या चालू असलेली आणि एक सेव्ह करून ठेवलेली. तुम्ही सेव्ह केलेली मागवा, साहेब."

यात न समजण्यासारखे काय होते? आमच्या ठाण्यात वॉकीटॉकी असेच वाटले जात. ड्यूटीवर जाताना घ्यायचा, आल्यावर जमा करायचा. पण संशयिताने मला तपास शिकवावा, हे माझ्या वर्दीला सोसेना. "मला अक्कल शिकवू नकोस," असे म्हणून मी टेबलावर हात आपटला.

तिचे वडील दारात उभे होते. "साहेब, लेक खोटं बोलायची न्हाई. एवढा कागदावर इस्वास ठेवता, जरा तिचंही ऐका की." मी शिपायाला सांगून त्यांना बाहेर काढले.

मग दसरा आला. खंडेनवमीला आम्ही ठाण्यात रायफली, बेड्या आणि जीप यांना हळदकुंकू वाहिले. हैदराबादेत कंपन्यांमध्येही आयुधपूजा होते. संगणकांना कुंकू लावतात, दारात कोहळा फोडतात. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मला फोन आला. ज्यांना ते मेल येत होते, त्याच बाई बोलत होत्या.

"सार, ये काम उस लडकी का नहीं है. पूजा के लिए इलेक्ट्रिशियन सब मशीनां बंद करके फिर चालू किया. नेटवर्कवाला छुट्टी पे गाँव गया है. उसको मालूम हुआ तो फोन पे चिल्ला रहा है, फायरवॉल को हाथ कायकू लगाए बोलके. एक पूजा के लिए इतना कायकू घबराना, सार?"

मी खुर्चीतून उठलोच. सरकारी कॉलेजात संगणक शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांना विचारले. ते म्हणाले, पेटी बंद करून चालू केली की ती फक्त सेव्ह केलेली यादी वाचते. नुसते टाइप करून सोडलेले सगळे पुसले जाते. या दोन याद्यांचे मुलीने मला पहिल्याच दिवशी सांगितले होते.

तो माणूस दुसऱ्या दिवशी परतणार होता. प्राध्यापक आणि दोन पंच घेऊन मी तासाभरात कंपनीत पोहोचलो. पेटीवर कुंकवाची बोटे तशीच होती. पासवर्ड व्यवस्थापकाच्या कपाटात, मोहोरबंद पाकिटात होता. प्राध्यापकांनी काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली आणि यादी आली. पूलमधून एक पत्ता बाजूला काढून एकाच संगणकाला कायमचा बांधलेला होता. मेलमधला पत्ता तोच. आणि संगणक नेटवर्कवाल्याचा स्वतःचा. मुलीच्या मशीनचे नाव त्या यादीत कुठेही नव्हते. यादी छापून घेतली, पंचनामा केला, सह्या घेतल्या. व्यवस्थापक रुमालाने मान पुसत होता.

नामपल्ली स्टेशनवर गाडीतून उतरतानाच त्या माणसाला ताब्यात घेतले. आधी त्याने कानावर हात ठेवले. त्याने छापून दिलेला कागद आणि पेटीतली सेव्ह केलेली यादी मी त्याच्यापुढे शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा तो बोलू लागला.

"सेव्ह करता तो तारीख लग जाती, साब. इसलिए चालू लिस्ट में अपना नाम निकाला, उसका डाला, परचा छापा और छोड़ दिया. वो मशीन कभी बंदच नहीं होती."

"उसी बच्ची का नाम कायकू डाले?"

"उसके पीछे कौन आता, साब?"

माझा हात वर गेला होता. तो हवेतच थांबला. त्या हलकटाचा अंदाज बरोबर होता. तिच्या मागे कुणी उभे राहिले नाही, आणि मी तर वर्दीनिशी तिच्या अंगावर धावून गेलो होतो.

आरोपीला अटक झाली. मी मलकपेठेत तिच्या घरी गेलो, तिच्यावरचा आळ गेला म्हणून सांगितले. कंपनी परत बोलावते आहे, हेही सांगितले. ती म्हणाली, "मी जाणार नाही." मग तिने विचारले, "पहिल्या दिवशी मी सांगितलं, ते तुम्ही लिहून घेतलं होतं ना?"

"घेतलं होतं."

"काय लिहिलंत?"

खोटे बोलावेसे वाटले, पण जीभ वळली नाही. केस डायरीत माझ्या हस्ताक्षरात लिहिले होते: 'संशयित मुद्द्यावर बोलत नाही. तांत्रिक शब्द वापरून दिशाभूल करते.' ते मी तिला सांगितले. ती उठून आत गेली आणि मी असेपर्यंत बाहेर आली नाही. चहा वडिलांनी आणून दिला.

त्यानंतर माझ्या हाताखालच्या प्रत्येक फौजदाराला मी एकच गोष्ट बजावत आलो. समोरचा जे बोलेल ते तसेच लिहा. समजले नाही, तर 'मला समजले नाही' असे लिहा. तिचे बोलणे मला त्या दिवशी तसेच लिहून एखाद्या जाणकाराला दाखवता आले असते, आणि ती मुलगी पहिल्याच संध्याकाळी सुटली असती. गुन्हेगाराचा राग मी केव्हाच विसरलो. स्वतःचा मात्र अजून जात नाही, आणि जाऊही नये.