तारेतला शेवटचा शब्द

मेहकरच्या स्टँडवर खामगावची एसटी लागली तेव्हा बानं माझ्या हातात कागदाची एक पुडी ठेवली. मला वाटलं फुटाणे असतील. उघडली तर चिमूटभर रुई. "याद राह्यली पाह्यजे म्हून," तो म्हणाला. "दोन हंगाम कर अन् वापस ये." माय पदरात तोंड घालून रडत होती आणि बा कंडक्टरला माझी ट्रंक नीट बांधायला सांगत होता. आम्ही जानेफळचे. आमच्या घरात मॅट्रिक झालेली मी पहिली, टायपिंग शिकलेलीही पहिली आणि आता मुंबईला नोकरीला निघालेलीही पहिली, त्यामुळे अर्धी वस्ती जयभीम घालायला स्टँडवर आली होती. वरातच म्हणा ना. आपण कुठे अडकायला निघालोय हे तेव्हा कुठलं कळायला.

बाचं काम सांगायला हवं. तो सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये ओझी वाहायला लागला आणि पुढे रुईचा पारखी झाला. मूठभर रुई घ्यायची, दोन्ही हातांनी ओढायची, नाकाशी न्यायची आणि माल कसा आहे ते सांगायचं. मालकानं त्याला ढिगाशेजारी एक स्टूल दिलं होतं. लहानपणी ज्याला शाळेत दाराबाहेर बसवलं, त्याला ते स्टूल काय वाटत असेल ते तुम्हीच समजा. बा जे सांगे ते मुनीमजी उतरवून घेत आणि तारघरातले देवरावकाका मुंबईला पाठवत. काका बाचे दोस्त. तारघराच्या ओट्यावर दोघांत एकच चहा असायचा, कप बाला आणि बशी काकांना. त्या काळात लोक हे वळून पाहत.

मुंबईत मी ज्या कचेरीत लागले ती कापसाचे दलाल आणि गिरण्या मिळून चालवत. तिथला घोळ असा, की प्रत्येक पेढीच्या तारेची तऱ्हा वेगळी. कुणी आधी गासड्या, म्हणजे गाठी किती ते लिही, कुणी धाग्याची लांबी. एकाचा 'उत्तम' तो दुसऱ्याचा 'बरा'. आता मोठ्या कचेऱ्यांत टेलेक्सची यंत्रं आली होती, आणि इकडून गेलेलं तिकडे कुणाला उमगत नव्हतं. म्हणून ठरलं, की सगळ्यांनी एकाच नमुन्यात लिहायचं: ठिकाण, जात, लांबी, कचरा, ओलावा, गासड्या. सहा रकाने, याच क्रमानं, फक्त आकडे; ठिकाणाला आणि जातीलाही ठरलेला आकडा. वऱ्हाडातल्या जुन्या तारांचा अर्थ लावता येतो म्हणून या कामाला मला घेतलं होतं.

मी सातवा रकाना मागितला. कारण बाचा एक शब्द होता, 'दमेल'. झाडावर भिजून पुन्हा वाळलेली रुई दिसायला पांढरी, लांबीला पुरी, ओलाव्यालाही बरी. पण सूत काढायला घेतली की तुटते. बा म्हणायचा, "हे रुई दमेल हाय." आकड्यात ते बसत नव्हतं. कचेरीचे साहेब म्हणाले, एक रकाना मोकळा ठेवला की जो तो त्यात आपली पोथी लिहील आणि आपण पुन्हा होतो तिथेच येऊ. खरं सांगते, साहेबांचं चुकत नव्हतं. सहा आकड्यांनंतरचा मजकूर पुढे पाठवू नये, हा नियम मीच टाइप केला.

दुसऱ्या हंगामात बाच्या जिनिंगची तार आली. सहाही आकडे अव्वल, आणि शेवटी इंग्रजी अक्षरांत तो शब्द. मुनीमजी नमुन्याबाहेरचं लिहायला तयार नव्हते, म्हणून बानं स्वतः तारघरात जाऊन, स्वतःच्या खिशातले पैसे भरून तो जोडला होता, हे मला मागाहून कळलं. पण शब्द कुणाचा हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मी त्यावर तांबडी पेन्सिल ओढली आणि सहा आकडे टेलेक्सवर गिरणीला पाठवले. नियम केला हिनं आणि बापासाठी मोडलाही हिनंच, असं कुणी म्हणायला नको होतं मला. पहिली शिकलेली ना मी, शहाणपणाची भारी हौस.

गिरणीत धागा तुटायला लागला आणि सगळा माल परत आला. बा म्हणाला, मी कळवलं होतं. देवरावकाकाही मालकापुढे तेच म्हणाले. गिरणीच्या कागदावर मात्र तसं काहीच नव्हतं. बाचं स्टूल गेलं.

दिवाळीला घरी गेले तेव्हा बा अंगणात बसला होता. त्यानं एवढंच विचारलं, "माही तार पुरी आली होती का, सुमन?"

मी म्हणाले, "नाही बा. सहा आकडेच आले."

बा अंगणातून उठला. मग म्हणाला, "मंग देवरावनं खाल्ला तो शब्द." त्यानंतर तो तारघराच्या ओट्यावर कधी चढला नाही.

दोन हंगाम झाले होते, परत यायचं ठरलेलंच होतं. पण आता घर माझ्या मनीऑर्डरवर चालायचं. ज्या कागदानं बाचं स्टूल नेलं त्याच कागदानं घरची चूल पेटत होती. इकडे आड, तिकडे विहीर. लेडीज होस्टेलच्या माझ्या खिडकीसमोर एक भिंत होती. तिच्यावरचा पोपडा न् पोपडा मला पाठ झाला. तुमच्यापैकी जे गाव सोडून गेले ते गावाच्या ओढीबद्दल बोलतात. मला गावाची धास्ती वाटायची. सुट्टी मंजूर झाली की मी तिकीट काढायचं लांबवायची, कारण बा पुन्हा विचारेल. त्यानं पुन्हा कधीच विचारलं नाही, आणि तेच जास्त जाचायचं.

बा गेला त्या दिवशी देवरावकाका आले. अंगणाच्या कडेला उभे राहिले, आत आले नाहीत. मी चहा घेऊन गेले. कप हातात धरून काका म्हणाले, "म्या पुरी तार ठोकली होती, पोरी. एकबी शब्द नाही सोळला." मी म्हणाले, मला माहीत आहे काका. ते मान हलवून निघून गेले. त्यांना वाटलं, पोरगी समजूत घालतेय.

पुडीतली रुई अजून माझ्याजवळ आहे. ओढून पाहायचा धीर मला कधी झाला नाही. घर कुठलं असं कुणी विचारलं तर मी आजही जानेफळ सांगते, पण माझ्या मनात येतो तो तारघराचा ओटा.

काका, सगळ्यांनी वाचावा म्हणून लिहिलेला हा कागद सगळ्यांच्या आधी मी तुम्हाला पाठवतेय. तार पुरी आली होती. शेवटचा शब्द मी कापला, आणि बाला खोटं सांगितलं. बोलवाल तर येईन. नाही बोलावलंत तरी, बा गेला तो तुमच्यावर रागावून गेला, आणि तो राग माझ्या वाटणीचा होता, एवढं तुमच्या हाती असू द्या.