सावली मिळाली, गाडी गेली

सगळ्यात आधी कोण आलं म्हणाल, तर कौसाची शेळी. तिच्या मागं दोरी धरून कौसा, म्हणजे माझी धाकटी जाऊ. अन् मग एसटीतून उतरले ते शहरातले दोघं, रेवतीमॅडम आणि त्यांचे साहेब. मुखेड-उदगीर रस्त्यावर आमच्या फाट्याला नवा थांबा बांधायचा हाय, त्याचं चित्र घेऊन आले होते. तीन बाजूंनी काच, वर पत्रा!

"थंड डोंगरातल्या गावासाठी काढला होता, आजी," साहेब कौतुकानं म्हणाले. "वारा लागत नाही, ऊन मस्त आत येतं."

"ऊन? आम्हाला बरणीत घालून मुरवायचं हाय का?" मी विचारलं.

हसू नका. कौसाला दर गुरुवारी दुपारच्या गाडीनं मुखेडला गुडघे दाखवायला जावं लागतं. मागच्या उन्हाळ्यात याच फाट्यावर चक्कर येऊन पडली ती. तिला सावली पाहिजे अन् गाडीबी पाहिजे. मी म्हटलं, चला, थांबा कसा असतो ते दाखवते! शिरूर अनंतपाळच्या वाटेवर माझ्या माहेरचा थांबा हाय, त्याचं कौतुक मी पन्नास वर्षं सांगून राहिले. घरी कुणी नव्हतं, म्हणून शेळीबी निघाली.

तुम्हीबी जाणार असाल तर सकाळची गाडी धरा, उजवी खिडकी घ्या, ऊन लागत न्हाई. बायांना अर्धं तिकीट, माझ्यासारख्या पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट. कंडक्टर म्हणाला, "आजी, तुम्ही फुकट. शेळीचं वय काय?"

"तुझ्यापेक्षा शहाणी हाय."

फाडलंच तिचं तिकीट.

उदगीरला गाडी बदलली. तिथं पत्र्याचा थांबा, लोखंडी बाकडं, दोन्ही तव्यासारखी तापलेली. बाकड्यावर नुसत्या पिशव्या बसलेल्या, अन् माणसं बाहेर विजेच्या खांबाच्या सावलीत एकामागं एक उभी! सावली सरकली की रांग सरकायची. रांगेत आपला नंबर कुठं, ते साहेबांनी विचारलं. पागोटेवाला म्हातारा म्हणाला, "शेंड्याला उभे राहा साहेब. बारीक दिसता, मावाल." साहेब राहिले हो! अर्धे मावले.

दुपारी माहेरच्या थांब्यावर पोचलो. दगडी बांधणी, मावळतीला हातभर जाड भिंत, ठेंगणं छप्पर. आत माठात बसल्यासारखं गार. भाकरी, ठेचा, कांदा खाल्ला. मॅडमनी भिंतीला गाल लावला. साहेब म्हणाले, "आजी, हेच काढतो." कौसाला तर डुलकी लागली. मला काय आनंद म्हणता!

तेवढ्यात परतीची गाडी भर्रकन निघून गेली.

गाडी मावळतीकडून येते अन् माझी लाडकी भिंतबी मावळतीलाच. ड्रायव्हरला थांबा रिकामा दिसला.

कौसानं डोळे उघडले. "अक्का, सावली मिळाली, गाडी गेली. आता चालत जायचं तर गुडघे इथंच ठेवून जाऊ का?"

मग आठवलं. आम्ही पोरी इथं पाळी लावायचो. एकीनं बाहेर उन्हात उभं राहायचं, गाडी दिसली की हात करायचा. पन्नास वर्षं मी सावली सांगितली अन् उन्हातली पोर विसरले.

आता पाळी साहेबांची लागली. शेळीची दोरी हातात घेऊन ते बाहेर उभे राहिले. गाडी दिसली तशी शेळीनं त्यांना ओढत रस्त्याच्या मधोमध नेलं. करकचून ब्रेक!

ड्रायव्हर ओरडला, "शेळीला वाचवायला थांबलो! ही एवढी माणसं कुठून निघाली?"

गाडीत मॅडमनी नवं चित्र काढलं. मावळतीला विटांची भिंत, पण जाळीची, एकाआड एक वीट सोडून. ऊन अडेल, वारा येईल. अन् त्याच भिंतीत बाकड्याजवळ एक खिडकी.

"कशाला?" मी विचारलं.

"मला मुंडकं बाहेर काढायला," कौसा म्हणाली. "पाळीला दुसरं कोण हाय आता फाट्यावर?"

घरी आल्यापासून तेच मनात घोळतंय. माहेरचा थांबा अजून आवडतोच, पण आता सांगताना उन्हातल्या पोरीलाबी धरून सांगते. काचेच्या थांब्याचं चित्र साहेबांनी इथंच टाकलं, त्यावर मिरच्या वाळत घातल्यात.

खिडकीसाठी, बसल्यावर कौसाचं डोकं कुठवर येतं ते मोजायला परत येतो म्हणाले. शेळीचंबी मोजा म्हटलं, तर हाव म्हणाले. बुधवारी येणार हायेत, कौसाच्या गुरुवारच्या आधी.