चिंतामणीकडे मी एकच मागितलं

देवाकडे बेतानं मागावं, म्हणजे मिळतं, अशी माझी समजूत होती. वडिलांची कचेरीत नोकरी, माझीही नोकरीच. वरच्यापुढे अर्ज कसा करायचा हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक. जास्त मागितलं की साहेब काहीच देत नाही, थोडं मागितलं तर निदान विचार करतो. देवाच्या बाबतीतही मी तसाच वागत आलो. श्रद्धा नव्हती असं नाही, पण ती हात आखडून ठेवलेली होती. त्या श्रद्धेनं माझ्याकडून जे करवलं ते मी कित्येक वर्षं बोललो नाही. आता पन्नाशी उलटली आहे आणि ज्यांना आधी सांगायला हवं होतं त्यांना सांगून झालं आहे, म्हणून लिहितो.

मी तेव्हा मारेगावच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो, राहायला यवतमाळला. कापसाचं ते वर्ष वाईट होतं. तेव्हाची सगळीच वर्षं वाईट होती. केंद्राबाहेर बंड्यांची, म्हणजे कापसानं भरलेल्या बैलगाड्यांची, रांग लागलेली असायची. प्रत्येक बंडीपाशी जाऊन मी कापसात कोपरापर्यंत हात घालायचो, मूठभर कापूस काढून दाबून बघायचो, धागा ओढायचो आणि निकाल द्यायचो. चांगला, डागी, ओला. वजन वाढावं म्हणून कोणी कोणी कापसावर पाणी मारत. ते मला हाताला कळतं अशी माझी ख्याती होती. भरलेला दिसतो म्हणून माल चांगला नसतो, हे मी दिवसभर लोकांना सुनावत असे.

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर माझ्या बायकोला दिवस राहिले. ती मारेगावकडचीच, शेतीच्या घरातली. जुळं आहे कळलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं, तेवढ्याच उलट्यांत दोघांचं भागते." पण पाचव्या महिन्यात पोट एकाएकी इतकं वाढलं की तिला धड बसता येईना, बोलताना धाप लागे. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली आणि पडदा माझ्याकडे वळवला. बाळं दोन, पण त्यांना पोसणारी वार एकच. तिच्यातल्या शिरा एकमेकींना जोडल्या गेल्या होत्या आणि एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे चाललं होतं. एक मोठं, त्याच्याभोवती पाणीच पाणी. दुसरं लहान, त्याच्याभोवती पाणी जवळजवळ नाहीच. पिशवीच्या पातळ पडद्यात गुंडाळल्यासारखं ते एका कडेला चिकटून होतं. असंच राहिलं तर दोन्ही जातील, बाई म्हणाल्या. हैदराबादला बाळं पोटात असतानाच आत दुर्बीण घालून त्या शिरा लेझरनं बंद करतात, परवा सकाळी तिथं पोचा. दोन्ही वाचतील का, मी विचारलं. दोन्ही वाचू शकतात, एक वाचू शकतं, एकही वाचत नाही असंही होतं. त्या तीन शक्यतांतली मधली मी तिथं खुर्चीत बसल्या बसल्याच धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रजेचं सांगून येतो असं बायकोला म्हणून, मी स्कूटरनं कळंबला गेलो. चिंतामणी गणपतीचं दर्शन घ्यायला तिथं पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. गर्दी नव्हती. खाली गार होतं. मी हात जोडले आणि म्हणालो, मोठं ठेव. लहान तू घे, मी तक्रार करणार नाही. एवढंच. काही क्षण पडद्यावर पाहिलेल्या दोन जिवांतून भरलेलं दिसणारं मी निवडलं आणि दुसरं बाजूला काढलं, रोज कापसाचं करायचो तसंच. वाईट याचं वाटतं की वर येताना मला हलकं वाटत होतं. आपण अवाजवी काही मागितलं नाही, असं समाधान होतं.

दुपारी भाड्याच्या गाडीनं निघालो. बायको मागच्या सीटवर कुशीवर, मी ड्रायव्हरशेजारी. पांढरकवड्याच्या अलीकडे गाडी थांबली. कापसाच्या भावासाठी शेतकऱ्यांनी रस्ता अडवला होता. बंड्या आडव्या लावलेल्या, बैल सोडलेले, माणसं डांबरावर बसलेली. मी उतरून पुढं गेलो आणि जाऊ द्या म्हणालो.

"थांबा न, आमी बी थांबूनच राह्यलो," कोणीतरी म्हणालं.

एवढ्यात डोक्याला दुपट्टा बांधलेला एक उंच माणूस उठला. "अरे, हा त मारेगावचा ग्रेडर हाय! याच्या हाताले लागला का कोरडा कापूस बी ओला होते."

हशा झाला. दुसरा म्हणाला, "साहेब, मूठ भरून पाहा न, रस्ता कोणत्या ग्रेडचा हाय?"

बायको आजारी आहे एवढं मी कसंबसं बोललो. तो उंच माणूस गाडीपाशी आला, वाकून आत पाहिलं.

"कितवा महिना, बाई?"

"पाचवा," ती म्हणाली. ते पोट पाहून त्याला खरं वाटलं नसावं.

मी घाईनं सांगितलं, "जुळं आहे. उद्या हैदराबादला ऑपरेशन आहे. निदान एक तरी वाचायला पाहिजे."

"एक?" तो माझ्याकडे वळला. "आन दुसऱ्यानं काय केलं?"

त्यानं उत्तराची वाट पाहिली नाही. "ए, सरकवा रे बंड्या! बाई हाय गाडीत," असं ओरडून त्यानं स्वतःच एका बंडीच्या जूला हात घातला. काहींनी कुरकुर केली, पण उठले. एका गाडीपुरती वाट झाली, आणि शेवटच्या बंडीपर्यंत तो आमच्यापुढे चालत आला. मी काचेतून हात जोडले. "माहा कापूस वापस केलता तुमी," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "कोरडा होता तो. जा आता, बाईले तकलीफ होऊन राह्यली." मला तो माणूस आठवत नव्हता, त्याचा कापूसही नाही.

आदिलाबादजवळ बायको डोळे मिटूनच म्हणाली, "तुम्ही कोणतं धरलं?"

"काय?"

"एक म्हटलं न तुम्ही त्या माणसाले. कोणतं?"

धूळ फार येते म्हणून मी ड्रायव्हरला काच वर करायला सांगितली.

हैदराबादच्या डॉक्टरांनी सकाळी पुन्हा सोनोग्राफी केली आणि मला बाहेर येऊन सांगितलं, "बड़ा वाला ज़्यादा ख़तरे में है." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी समजावलं. मोठ्याला पेलवेना इतकं रक्त मिळत होतं, त्याच्या हृदयावर ताण आला होता, अंगावर सूज होती. लहान उपाशी होतं, पण त्याचं हृदय ठीक होतं. आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी लोकांचा माल परत पाठवला, तीच मला इथं ओळखता आली नव्हती. आणि खरं सांगायचं तर, हे ऐकून पहिला विचार आला तो पश्चात्तापाचा नव्हता. आता लहान मागावं, असं मनात आलं. मागणं बदलून घ्यावं.

तिला आत नेलं. मी बाकावर बसलो आणि लहान मागायला म्हणून डोळे मिटले. तेव्हा त्या माणसाचा प्रश्न समोर आला. मोठ्यासाठी मागत होतो तेव्हा लहान्यानं काय केलं होतं? आणि आता मोठ्यानं काय केलं? कोणतंही नाव पुढं करायला जीभ वळेना. दोन्ही मागावीत, तर तो हक्कही मी कळंबला घालवून बसलो होतो. मागायला काही उरलंच नाही. मी नुसता बसून राहिलो. त्या बसण्याला प्रार्थना म्हणावं की नाही, मला माहीत नाही. नामस्मरण नव्हतं, नवस नव्हता, दृष्टांत झाला नाही. पण आयुष्यात पहिल्यांदा मी देवापुढे काहीही न ठरवता बसलो होतो, आणि कोणीतरी माझ्या हातातलं ओझं काढून घेतल्यासारखे हात रिकामे वाटत होते. त्याआधी आणि त्यानंतरही तसं स्वस्थ मला कधी वाटलं नाही.

तिला पूर्ण भूल दिली नव्हती. ती जागी होती आणि तिनं पडद्यावर पाहिलं. बाहेर आणल्यावर म्हणाली, "आत लाल उजेड होता. मंग एक हात आला समोर, एवढासा. बोटं उघडली, मिटली. कोणाचा ते मी नाही विचारलं." त्या संध्याकाळी दोन्ही हृदयं चालू होती. दुसऱ्या दिवशी मोठ्याचे ठोके सापडले नाहीत. लहान्याभोवती हळूहळू पाणी जमू लागलं आणि ते पाय हलवू लागलं.

पुढचे महिने बायकोनं दोघांनाही पोटात वागवलं. आठव्या महिन्यात मुलगी झाली, मुठीएवढं तोंड, पण आवाज सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा. तिच्यासोबत दुसरीही आली. तिला मीच मातीत ठेवलं.

मी मागितलेली गेली आणि नको म्हटलेली राहिली. देवानं मला शिक्षा केली असं मी पुष्कळ वर्षं धरून चाललो. ती मुलगी माझ्या मांडीवर वाढली, आणि ती गळ्यात पडली की मी दुसरीकडे पाहत असे. खरेदी केंद्रावर मी प्रत्येक बंडीवाल्याचं तोंड पाहू लागलो. तो उंच माणूस आला नाही. किंवा आला असेल आणि दुपट्ट्याशिवाय मी ओळखला नसेल.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघं अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. आपल्याला बहीण होती हे मुलीला लहानपणापासून माहीत आहे. तिनं सहज विचारलं, "बाबा, तेव्हा तुम्ही देवाले काय मागितलं होतं?" नेहमीसारखं टाळता आलं असतं. मी सगळं सांगितलं, कळंबच्या पायऱ्यांपासून. सांगताना शेंगांकडेच पाहत होतो.

"म्हणजे मी नव्हती पाहिजे," ती म्हणाली.

"नाही. तेव्हा नाही."

"मग मला मागितलं कोणी? आई, तू?"

बायकोचे हात थांबले नाहीत. "मी कायले मागू? दोघी माझ्यापाशीच होत्या. जवळ असलेलं कोणी मागते काय?"

मुलीनं सोललेले दाणे माझ्या ताटलीत लोटले आणि म्हणाली, "बाबा, एक काम करा. माझ्या रिझल्टसाठी काहीच मागू नका. तुम्ही मागता ते उलटंच होते." आधी तिची आई हसली, मग मी. हसताना माझे डोळे भरून आले आणि ते दोघींनी पाहिलं.

तिचं म्हणणं मी ऐकतो. तिच्यासाठी काही मागत नाही. चिंतामणीपुढे उभा राहतो तेव्हा सांगायला एवढंच असतं की जी राहिली ती माझ्या मागण्यानं राहिली नाही, आणि जी गेली तीही माझ्या मागण्यानं गेली नाही. हे कळायला मला इतकी वर्षं लागली. त्या दोघी आमच्या घरी आल्या, एक थोडे दिवस, एक अजून आहे. त्यांच्यासाठी मी हात जोडतो, आणि मग जोडलेल्या हातांत काही धरत नाही.