ढिगारीचं माहेर

लातूरच्या हसीनाखालाच्या घरी मांजरी बाळंतपणाला यायच्या. हसू नका, खरंच यायच्या!

भूकंपाच्या साली तिचा नवरा सलीम टेम्पोत ब्लँकेटं भरून किल्लारीकडं गेला होता. परत आला तो ढिगाऱ्यातलं एक पिल्लू कुशीत घेऊन. पांढरंधोप, एकच कान काळा. "हिचं आता कुणी न्हाई," म्हणाला. नाव पडलं ढिगारी. पुढं सलीम गेला, ढिगारीही गेली, पण काळ्या कानाच्या तिच्या लेकी गल्लोगल्ली नांदू लागल्या. पिल्लू देताना खाला बजावायची, "लेक देऊन राहिले. बाळंतपण माहेरीच!" आणि लोकही असे भारी, की गाभण मांजर टोपलीत घालून खरंच आणायचे.

काय दिवस होते ते! शिकवण्यांचं पेव फुटलं होतं, घरोघरी पोरं भाड्यानं राहायची आणि क्लास सुटला की खालाच्या अंगणात पिल्लं बघायला गर्दी करायची. खाला चहा टाकत ओरडायची, "डॉक्टर व्हायचंय ना रे? मग आधी हिच्याकडं बघा!"

मग पिल्लं मरायला लागली. पोट फुगायचं, ताप उतरायचा नाही. एका साली काळ्या कानाचं एकही वाचलं नाही. खालाला घास गोड लागेना. "त्यांची तेवढीच निशाणी हाय गं," ती भाचीला, हुमाला म्हणाली.

हुमा त्याच शिकवण्यांतून पुढं जाऊन जनावरांची डॉक्टर झालेली. तिनं सगळ्या मांजरांच्या विष्ठेचे नमुने तपासून आणले आणि खालाजवळ येऊन बसली.

"खाला, हा मांजरांतला साधाच विषाणू. बहुतेकींना नुसती हगवण लावतो. पण हितं दरसाली नव्या बाळंतिणी, नवी पिल्लं. त्याला घर मिळतच गेलं. एकीतून दुसरीत जाताना तो थोडा थोडा बदलला. आता प्रत्येकीचा वेगळा, तरी एकाच खानदानातला. अन् एखाद्या पिल्लाच्या अंगात असा पालटतो, की जीवच घेतो."

"म्हंजी त्याचंबी खानदान वाढलं? माझ्याच घरात?"

"हाव. काळ्या कानाची एकच गाभण राहिलीय, सौदामिनीबाईंची. तिच्यात हा विषाणू सापडला न्हाई. तिला हितं येऊ देऊ नको, अन् तूबी तिला हात लावू नको. हातांवरनं, कपड्यांवरनंबी हा जातो."

चारच दिवसांत सौदामिनीबाई टोपली घेऊन दारात! शाळेतून निवृत्त झालेल्या, रीतीला पक्क्या. भूकंपापासून खालानं त्या दारातून कुणाला परत धाडलं नव्हतं. ती उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"बाई, आत येऊ नका."

"अहो, तुमचीच लेक ना ही?"

"म्हणूनच. घेऊन जा तिला."

दार लावून खाला ढसाढसा रडली.

बाईंकडं पिल्लं झाली, चांगली अंगानं भरली. खाला बघायला गेली ती रस्त्याच्या पलीकडंच थांबली. बाईंनी एक पिल्लू खिडकीत उचलून धरलं. पांढरंधोप, एकच कान काळा.

"अहो, या की आत!"

"नको बाई. दिसलं, बस झालं," खाला म्हणाली आणि दोन्ही हात तिनं पदरात गुंडाळून घेतले.