मावशीच्या आवाजातला मी

तरुणपणी गावच्या नाटकांत मी बायकांची कामं करायचो. मिशी उतरवली की सासू, पदर घेतला की विधवा. मी रडलो की पुढच्या रांगेतल्या खऱ्याखुऱ्या बायका नाक पुसायच्या. एवढी कला अंगात मुरलेली. ती फुकट कशी जाऊ द्यायची?

शेजारच्या मावशीच्या घरावरची टीव्हीची छत्री सारखी बंद पडायची. कंपनीला फोन लावला की पलीकडची मुलगी विचारायची, "ग्राहक स्वतः बोलत आहेत का?" कनेक्शन मावशीच्या नावावर, पण मावशीचा एक कान गेलेला, दुसऱ्याने फोनवरचं धड ऐकू येत नाही. मग काय, मीच मावशी झालो. "पोरी, टीव्ही निरा निळा दिसून राह्यला वं!" मावशी बाजूला बसून सांगायची, मी कापऱ्या आवाजात बोलायचो. आमच्या गल्लीत एकाचा फोन दुसऱ्याने बोलणं म्हणजे एकाचं पोतं दुसऱ्याने उचलल्यासारखं. त्यात गैर ते काय?

पुढे उघडकीला आलं, की कंपनी न सांगता सगळे फोन रेकॉर्ड करत होती. ग्राहकांनी मिळून दावा लावला आणि जिंकला. भरपाई हवी असेल त्याने बुलढाण्याला ग्राहकांच्या वकीलबाईंच्या कार्यालयात जायचं, कंपनीच्या माणसासमोर रेकॉर्डिंग ऐकायचं आणि आपला आवाज ओळखायचा. दुसराच कोणी बोललेला निघाला तर दावा बाद, वर पोलिसात तक्रार.

मी जेवता जेवता हे घरात सांगितलं. बायको म्हणाली, "जेलातही नाटकं होतात म्हने. बायकायच्या कामाले मानूस लागनच."

मी मावशीला विनवलं, "दावा सोडून देऊ."

"काऊन? चोरून त्यायनं आयकलं, अन् भ्याव मी? मले कानाची मशीन घ्याची हाय."

शेवटी मावशीबरोबर निघालो. राजूर घाटात एसटी वळणं घेत होती आणि मी प्रत्येक वळणावर उतरून परत जायचा बेत करत होतो. पुढच्या सीटवर खाकी शर्टातला एक माणूस होता. तो कंडक्टर निघाला तोवर मी मनातल्या मनात दोनदा गुन्हा कबूल केला होता.

कार्यालयात कंपनीच्या माणसाने लॅपटॉप उघडला. "पोरी, टीव्ही निरा निळा..." अरे देवा! मला वाटत होतं मी हुबेहूब मावशी वठवतो. ही तर घसा बसलेली म्हैस होती.

तो हसला नाही. "हा पुरुषाचा आवाज आहे. कोण आहे हा?"

मी खुर्ची मावशीच्या मागे सरकवली.

मावशी उठली आणि चांगला कान लॅपटॉपला लावून म्हणाली, "पुन्हा लाव." त्याने आवाज वाढवून लावलं. "हे मांगून कोन बोलून राह्यलं?"

माझ्या रडगाण्यामागे बारीक पण ठणठणीत आवाज होता: "सांग तिले, मानूस धाड. सांग, नाही तं पैसे नाही भरत." आणि प्रत्येक वाक्यानंतर तेच वाक्य माझ्या गळ्यातून.

"तोंड याचं हाय, बोलनं माह्य," मावशी म्हणाली. "तुमी मले न सांगता भरून ठेवलं ना? मंग आता मलेच आयका."

नाटकात पडद्यामागून वाक्यं पुरवणाऱ्याला टाळ्या पडलेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. वकीलबाईंनी त्या दिवशी वाजवली, एकच, पण वाजवली. शब्द मावशीचेच ठरले आणि तिचा दावा मंजूर झाला. कंपनीच्या माणसाने निघताना मात्र शांतपणे माझं पूर्ण नाव विचारलं आणि लिहून घेतलं.

मावशीच्या कानात आता मशीन आहे. मी मात्र अनोळखी नंबर वाजला की बायकोला पुढे करतो. परवा छत्री पुन्हा बंद पडली. मावशीने फोन लावून माझ्या हातात दिला. आधी एक गोड आवाज आला: हा कॉल रेकॉर्ड होत आहे. माझ्या गळ्यातून ना मावशी निघे, ना मी.

"काऊन बे, आता तं ते सांगून आयकून राह्यले, तरी भेतं?" तिने फोन ओढून घेतला आणि मशीनवाल्या कानाला लावला. "हाव, मीच बोलून राह्यली!"

पुढे काय बोलावं म्हणून ती क्षणभर अडली. मी हळूच मागून वाक्य पुरवायला तोंड उघडलं, आणि आठवलं, मागचंही ऐकू जातं. दोन्ही हात तोंडावर दाबून मी तसाच बसून राहिलो.